दुसरी चिठ्ठी

दगड खिडकीची काच फोडून आत आला आणि फळीवरच्या तांब्याला लागून खाली पडला. दुपारचा एक वाजला होता. आम्ही तिघं जेवत होतो.

"उठू नका," आई म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी चष्मा काढला, दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मग दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरच्या घराची खिडकी मात्र आतून कुणीतरी ओढून घेतली.

बाबा परत येऊन पाटावर बसले. ताटातल्या आमटीत काचेचा तुकडा आहे का ते त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "आता हे ताट काढ."

तो सोमवार होता. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि येत्या रविवारी वाचनालयाची वादविवाद स्पर्धा होती.

बाबा हेदवलीच्या काजू कारखान्यात मॅनेजर होते. मालक कोल्हापुरात राहायचे, महिन्यातून एकदा यायचे. त्यामुळे गावाच्या लेखी कारखाना म्हणजे बाबाच. त्या वर्षी आफ्रिकेतली काजूबी जहाजाने स्वस्तात येऊ लागली आणि ऐन मोसमात आमच्याकडच्या बागायतदारांच्या बीचा भाव पडला. परदेशी बीवर सरकारने आयात कर लावावा, अशी त्यांची मागणी होती. कर लावला तर कारखाने बंद करावे लागतील, असं कारखानदार सांगत होते. निर्णय दिल्लीत व्हायचा होता. पण दिल्ली हेदवलीपासून लांब होती आणि बाबांचं घर बाजाराच्या रस्त्यावर होतं.

बाबा वाचनालयाचे कार्यवाहही होते. त्या वर्षी स्पर्धेला विषय ठरला, 'परदेशी काजूबीवर आयात कर लावावा'. तो सुचवला होता भिकाजी गवसांनी. भिकाजीदादा बागायतदारांचे पुढारी आणि बाबांचे शाळेपासूनचे मित्र. बागेतली पहिली बी ते दर वर्षी आमच्याकडे आणून द्यायचे. त्या वर्षी दोन महिने ते आमच्या घराकडे फिरकले नव्हते.

आमच्या वाचनालयाच्या स्पर्धेची एक जुनी रीत होती. शेवटच्या फेरीत दोघंच उरत. कुणी कोणत्या बाजूने बोलायचं हे आधी ठरत नसे. कार्यवाह आपल्या हाताने दोन चिठ्ठ्या लिहून फुलपात्रात टाकत. वयाने लहान असेल त्याने एक उचलायची आणि सभेसमोर मोठ्याने वाचायची. उरलेली बाजू आपोआप दुसऱ्याची. दुसरी चिठ्ठी कधी कुणी उघडत नसे. ती कार्यवाहांच्या खिशात जाई.

त्या वर्षीच्या शेवटच्या फेरीत मी होते आणि माझ्यासमोर मृणाल आरोलकर होती. ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी.

"चारू, तू नाव मागे घे," दगड पडला त्या संध्याकाळी बाबा खिडकीला पुठ्ठा लावताना म्हणाले.

"का?"

"तुला विरुद्ध बाजू आली तर? कर नको म्हणून कारखान्याच्या मॅनेजरची मुलगी बोलतेय, एवढंच त्यांना ऐकू येईल. तुझे मुद्दे कुणी ऐकणार नाही."

"आणि बाजूने आली तर?"

"मग काही भीती नाही."

"म्हणजे निम्मी निम्मी शक्यता आहे."

"हा हिशेब दगड मारणाऱ्याला सांग." त्यांनी तोंडातला खिळा काढून पुठ्ठ्यावर धरला. "ढालीसाठी एवढं कशाला?"

स्पर्धेची फिरती ढाल मी दोन वर्षं सलग जिंकली होती. तिसऱ्यांदा जिंकली की ती कायमची घरी राहणार होती. मी त्यांना पुढचा खिळा दिला. माझं ठरलेलं आहे, हे बाबांना माहीत होतं.

ढालीइतकंच दुसरंही एक कारण होतं आणि ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. फेब्रुवारीत एकदा मी कारखान्यात त्यांचा डबा घेऊन गेले होते. ते नेहमीच्या खोलीत नव्हते म्हणून मागच्या पॅकिंगच्या खोलीत गेले. तिथे दाराशी परदेशी अक्षरांचे छाप असलेली रिकामी पोती रचली होती. त्या बीचा भाजून सोललेला लहान लहान गर टेबलावर पसरलेला होता. दोन बायका तो पाकिटांत भरत होत्या. पाकिटावर माडाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अस्सल कोकणी काजू'.

बाबा मागून आले. मी पाकिटाकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"डबा ठेव आणि घरी जा," ते म्हणाले. तेवढंच. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. पण मी येताना एक रिकामं पाकीट उचलून आणलं होतं. माझ्या भाषणाच्या वहीत, शेवटच्या पानावर, मी त्याबद्दल आठ ओळी लिहून ठेवल्या होत्या. कराच्या बाजूने बोलायला मिळालं, तर शेवटी पाकीट उंच धरायचं. बाहेरचा माल आणायचा आणि वर आमचंच नाव विकायचं. याहून मोठा मुद्दा दुसरा नव्हता. तो माझ्या बापाच्या गळ्याशी येईल, हे मला कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मला ते कळत होतं. मुद्दा मला फार आवडला होता, एवढंच.

मंगळवारी बागायतदारांनी परदेशी बीचा ट्रक घाटात अडवला. गुरुवारी कारखान्याच्या फाटकावर कुणीतरी काजूचा चीक फासला. तो हाताला लागला की कातडी जळते. रखवालदाराने नेहमीप्रमाणे फाटक उघडलं आणि त्याचे दोन्ही तळवे सोलवटले. शुक्रवारी आई पाण्याला गेली तेव्हा विहिरीवरच्या बायका तिला बघून गप्प झाल्या. बाबा रोज ठरल्या वेळी कामावर जात होते. मात्र आता ते बाजारातून न जाता मागच्या पायवाटेने जात. शनिवारी डॉक्टर मठकरांनी, म्हणजे वाचनालयाच्या अध्यक्षांनी, स्पर्धा पुढे ढकलायची का विचारलं. बाबा नको म्हणाले. मला आश्चर्य वाटलं.

रविवारी पाच वाजता वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. इतर वर्षी चाळीस माणसं यायची. त्या दिवशी खिडक्यांच्या बाहेरही माणसं उभी होती. पुढच्या सगळ्या खुर्च्या बागायतदारांच्या. मागे भिंतीला टेकून कारखान्यातल्या बायका, चिकाने काळ्या पडलेल्या बोटांनी पदर धरून. बऱ्याच जणींचे नवरे पुढच्या खुर्च्यांवर होते. दारापाशी पाचसहा अनोळखी माणसं होती. ती ट्रक अडवणारी, असं कुणीतरी म्हणालं. त्यांच्यातल्या एकाने दाराला आतून कडी घातली आणि तिथेच उभा राहिला.

पाकीट माझ्या ओढणीखाली, कुडत्याच्या खिशात होतं.

बाबांनी फुलपात्र माझ्यासमोर धरलं. मी एक उचलली.

"आयात कर लावावा. बाजूने," मी वाचलं.

सभागृहात टाळ्या झाल्या. बाबांनी दुसरी चिठ्ठी खिशात टाकली. मृणालच्या तोंडावरचा रंग उडाला. ती उठायच्या आत तिचे वडील उठले. ते बँकेत अधिकारी होते, हेदवलीत बदली होऊन दोन वर्षं झाली होती.

"माफ करा. माझी मुलगी बोलणार नाही," ते म्हणाले. कडी घातलेल्या दारापर्यंत तिचा हात धरून गेले आणि तिथल्या माणसाकडे बघत उभे राहिले. त्या माणसाने सावकाश कडी काढली, दोघांना जाऊ दिलं, पुन्हा कडी घातली.

"गेली पोर!" पुढून एक जण ओरडला. "आता कोण बोलतलो?"

"कोणच नाय. जिकलो आमी. चला घराक."

"नियम असा आहे," डॉक्टर मठकर म्हणाले, "की बाजू रिकामी पडली तर सभेतल्या कुणीही ती घ्यावी."

"मॅनेजरानू, तुम्हीच घेवा मा! तुमचीच तर ती बाजू."

हशा झाला. मी बाबांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "घेतो."

आणि माझ्यासमोरच्या, मृणालच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले.

माझं भाषण सात मिनिटांचं होतं आणि ते चांगलं झालं. दुसऱ्या देशातली बी स्वस्त का, तर तिथल्या मजुराला आपल्याहून कमी मिळतं म्हणून. त्या स्वस्ताईशी स्पर्धा करायची, तर आपल्या माणसाने आपली मजुरी तिथवर खाली न्यायची का? काजूचं झाड फळाला यायला चार वर्षं लागतात. एकदा बाग तोडली की पुढच्या वर्षी भाव वाढला म्हणून ती परत उभी राहत नाही. कर म्हणजे भिंत नाही, कुंपण आहे. रोप मोठं होईपर्यंत कुंपण लागतं.

"बरां बोललंस गो, बाय!" भिकाजीदादा म्हणाले. त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं की त्याची अजून लाज वाटते.

मग बाबा उभे राहिले.

"भिकाजी," त्यांनी थेट समोर बघत सुरुवात केली, "तुझी बी फेब्रुवारीत येते आणि मेमध्ये संपते. चार महिने. उरलेले आठ महिने या मागच्या साठ बायांनी काय फोडायचं?"

"गोटे फोडा!" दारापाशी कुणीतरी ओरडलं. एक चप्पल हवेतून आली आणि टेबलावर पडली. पाण्याचा पेला उलटला. डॉक्टरांनी घंटा वाजवली. बाबांनी चप्पल उचलून टेबलाखाली ठेवली आणि पुढे बोलू लागले. कर लावला तर बाहेरची बी थांबेल. बाहेरची थांबली म्हणून तुमची दुप्पट होणार नाही. आठ महिने कारखाना बंद राहिला की बाया दुसरीकडे जातील, आणि मोसमात तुमची बी फोडायला कुणी उरणार नाही. मग तुम्ही ती विकणार कुणाला? त्यांचा आवाज बारीक होता. मधूनमधून तो ओरडण्यात बुडून जात होता आणि ते त्याच पट्टीत पुढे जात होते.

"मी बोलू काय?" मागून सुलोचना राऊळ म्हणाली. ती कारखान्यात वीस वर्षं होती.

"गप रव गो," पुढच्या रांगेतून तिचा नवरा मान न वळवता म्हणाला.

"गप घराकडे रवतंय. हयसर वाचनालय आसा." बायका हसल्या. "माझो घोव बी विकता आणि मी बी फोडतंय. आमच्याकडे दोनय बाजू एकाच ताटात जेवतत. कर लावा नायतर नको लावा. पण माका कोण काम देतलो, ता आधी सांगा."

क्षणभर मला वाटलं, सगळं निभावलं. मग भिकाजीदादा उभे राहिले.

"दिगंबर," ते म्हणाले. त्यांनी इतक्या लोकांत बाबांना नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "एकच विचारतंय. बी भायरची. ठीक. पाकिटार नाव कोणाचा?"

माझा हात आपोआप ओढणीखाली गेला. दादांना संशय होता, पुरावा नव्हता. तो माझ्याकडे होता.

बाबांनी उलटलेला पेला सरळ केला. "तो मुद्दा समोरच्या बाजूने मांडायचा आहे," ते म्हणाले. "प्रेक्षकांनी नाही." आणि खाली बसले.

मला वाटलं, किती शिताफीने टाळलं.

उत्तरासाठी मला दोन मिनिटं होती. मी उठले. पाकीट खिशात करकरलं, आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला असं मला वाटलं.

"पाकिटावर," मी म्हणाले.

तेवढं म्हणून मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर भीती होती. दगड आला तेव्हा ती नव्हती, चप्पल आली तेव्हा नव्हती. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, सावकाश दुमडला, खिशात ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

मला वाटलं, माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

दाराला कडी होती. तिथली माणसं पुढे सरकली होती. मी मनात आठ ओळी पुन्हा वाचल्या. सगळ्या पाठ होत्या.

"बोल मा गो," कुणीतरी म्हणालं.

मी गप्प उभी राहिले. दोन मिनिटं किती मोठी असतात ते मला तेव्हा कळलं. पंख्याची करकर ऐकू येत होती. सुलोचना माझ्याकडे टक लावून बघत होती. पाकीट तीही भरत असे, तिलाही माहीत होतं. शेवटी घंटा झाली.

परीक्षकांनी सांगितलं की उत्तर न दिल्यामुळे बाजू पडली. ढाल कपाटात परत गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं उठली तेव्हा दारापाशी धक्काबुक्की सुरू झाली आणि कुणीतरी बाबांच्या सदऱ्याची बाही ओढली. भिकाजीदादा मधे आले.

"सोड त्याका," ते म्हणाले. मग आमच्याकडे न बघता, "चला, तिठ्यापर्यंत येतंय मी."

तिठ्यापर्यंत ते आमच्यापुढे दोन पावलं चालत गेले. तिथे ते डावीकडे वळले, आम्ही उजवीकडे. अजून उजेड होता.

"पाकीट दे," बाबा म्हणाले.

मी दिलं. त्यांनी ते चार घड्या करून खिशात ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारी तुझी वही उघडी होती." ते थोडं चालले. "थांबलीस का?"

"घंटा झाली."

"घंटा नंतर झाली, चारू."

त्यानंतर घर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. ते गप्प राहणं म्हणजे आभार, असं मी समजले. मी त्यांना वाचवलं होतं. ढाल सोडून वाचवलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट स्वतःला वारंवार सांगायला फार बरी वाटते.

महिनाअखेरीस बाबांनी कारखाना सोडला. मालकांना पत्र लिहून पाठवलं, आणि एक पत्र भिकाजीदादांना. त्यात पाकीट घातलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही रत्नागिरीला आलो. बाबा एका शाळेच्या कार्यालयात लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. कराचं पुढे काय झालं ते वर्तमानपत्रात येत राहिलं. बाबा ते पान वाचत आणि घडी घालून ठेवत. वादविवाद ऐकायला ते पुन्हा कुठेही गेले नाहीत. भिकाजीदादांच्या बागेतली पहिली बी मात्र तिसऱ्या वर्षापासून टपालाने येऊ लागली.

या मार्चमध्ये बाबा गेले. त्यांचं सामान फार नव्हतं. पुस्तकं मी माझ्याकडे आणली. टेबलाच्या खणात जुन्या चष्म्याचं घर होतं. चष्मा त्यात नव्हता, एक चिठ्ठी होती. वाचनालयाच्या पावतीपुस्तकाचा निळ्या रेघांचा तुकडा, दोन घड्यांचा. इतक्या वर्षांत घडी कधी मोडली नसावी, कारण उघडताना कागद घडीवर थोडा फाटला.

'आयात कर लावावा. बाजूने.'

माझी चिठ्ठी माझ्याकडे होती. जुन्या डायरीत जपून ठेवलेली. मी ती काढून शेजारी ठेवली. दोन्हींत अक्षर तेच, शब्द तेच.

माझा जीव वाचावा म्हणून, असं आधी मनात आलं. मृणालला त्यांनी विरुद्ध बाजूला ढकललं आणि मग तिच्या जागी स्वतः उभे राहिले. तेवढ्यावर मी थांबलेही असते. पण चिठ्ठी घेऊन आईकडे गेले. ती गॅलरीत बसली होती. तिने चिठ्ठी लांब धरून वाचली.

"घडी मी घातली होती," ती म्हणाली. "त्यांना जमेना म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"त्या रविवारी दुपारीच, चिठ्ठ्या लिहिताना. मी म्हटलं, अहो, तिच्या वहीत काय आहे ते वाचलंत ना? आणि तरी तीच बाजू देताय? तर म्हणाले, म्हणूनच. आता तिने एकदा बोलून टाकलं की सुटलो. माझ्याच्याने नाही होत."

खाली रस्त्यावर शाळा सुटली होती. आई चिठ्ठीवरून अंगठा फिरवत होती.

"मी म्हटलं, आणि नाही बोलली तर? तर म्हणाले, बोलेल. तिला जिंकायची सवय आहे."

मी चिठ्ठी तिच्या हातून घेतली आणि जुन्याच घडीवर मिटली. चष्म्याच्या घरात परत ठेवताना मला ती सोमवारची दुपार आठवली. फुटलेली काच, आमटीचं ताट, आणि बाहेर कोण उभं आहे, अंगावर काय येईल हे माहीत नसताना दाराकडे गेलेले बाबा. दार उघडण्याआधी त्यांनी चष्मा काढून, सभेत ठेवला तसाच, दुमडून खिशात ठेवला होता.